एका दाखल्यासाठी पाच फेऱ्या: सतरा नंबरच्या फॉर्मचा माझा अनुभव

शाळेच्या ऑफिसातलं ते टेबल आठवलं की अजून माझं डोकं तापतं. टेबलावर काच, काचेखाली देवांचे फोटो आणि एसटीचं जुनं वेळापत्रक. मागे बसलेले क्लार्क मान वर न करता म्हणणार, "सोमवारी या." बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म, आणि त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. त्या दाखल्यासाठी आमच्या कारखान्यातल्या एका ताईंनी चार फेऱ्या मारल्या आणि दर वेळी काहीतरी नवीन ऐकून परत आल्या. पाचव्या फेरीला मी सोबत गेलो. तेव्हा कुठे हातात दाखला पडला.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका चटई कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. प्लास्टिकचा दाणा वितळवून पट्टी काढायची, लूमवर विणायची, कापायची, कडेला बॉर्डर शिवायची, मग घडी आणि पॅकिंग. शिलाईवर सगळ्या बायकाच आहेत. या ताई त्यांच्यात सगळ्यात जुन्या, अकरा वर्षांपासून इथेच. (नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय.) पाठमोऱ्या बसल्या असल्या तरी शेजारच्या मशीनच्या आवाजावरून सांगतात, "सुई बोथट झाली, बदल गं." नवीन मुलगी आली की तिला त्यांच्याच शेजारी बसवायचं, हे आमच्याकडे न सांगता ठरलेलं आहे.

२०२३ च्या जूनमध्ये शिलाईची सुपरवायझर नोकरी सोडून गेली. मी शेठकडे ताईंचं नाव दिलं. शेठ म्हणाले, बाई चांगली आहे, पण सुपरवायझर दहावी पास पाहिजे. मोठ्या गिऱ्हाइकांची माणसं तपासणीला येतात आणि फाइलमध्ये कागद बघतात. ताईंची शाळा नववीत सुटलेली. मी शेठना एकच विनंती केली, की एक वर्ष ती जागा बाहेरून भरू नका, तोवर मी सांभाळतो. ते हो म्हणाले. ते हो मी त्याच दिवशी कागदावर घेतलं: पास झाल्यावर कोणतं पद, किती पगार, कधीपासून. माझ्या हाताखालच्या माणसाला मी वर्षभर झिजायला लावणार असेन, तर शेवटी त्याला काय मिळणार हे तोंडी ठेवणं मला पटत नाही. पुढे हा कागद फार उपयोगी पडला.

दहावीला बाहेरून बसायचं तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. किमान पाचवी पास आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण, एवढी अट. फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्यातच जवळची शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, मग प्रिंट आणि मूळ कागद त्या शाळेत नेऊन द्यायचे. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात, पण आम्हाला नाशिकला एकदाही जावं लागलं नाही. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि तोच ताईंकडे नव्हता. २००४ मध्ये नववीचं वर्ष अर्ध्यावर असताना त्या घरी बसल्या, तेव्हा दाखला मागायला कोण जाणार?

शाळा तापीपलीकडच्या एका गावात. विदगावच्या पुलावरून नदी ओलांडली की पुढे अजून बरंच आत. मी ताईंना सांगितलं, "जा, दाखला घेऊन या, बाकी मी बघतो." आणि आपण मोठी मदत केली असं समजून कामाला लागलो.

पहिल्या फेरीला उत्तर मिळालं, रजिस्टर जुन्या इमारतीत आहे, चावी सरांकडे आहे, सोमवारी या. दुसऱ्या फेरीला आधार कार्ड बघून म्हणाले, नाव जुळत नाही. कसं जुळणार? आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, रजिस्टरला वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. जन्मतारीखही वेगळी. शाळेत १ जून, आधारवर १ जानेवारी. "आधी आधार बदलून आणा." ताई जळगावच्या आधार केंद्रात गेल्या, अर्धा दिवस रांगेत थांबल्या. तिथे विचारलं, जुन्या नावाचा पुरावा काय? जुन्या नावाचा पुरावा म्हणजे तोच दाखला!

तिसऱ्या फेरीला क्लार्क म्हणाले, प्रतिज्ञापत्र आणा. तेव्हा शंभराचा स्टॅम्प पेपर चालायचा, वर लिहिणाऱ्याचे पैसे वेगळे. चौथ्या फेरीला ते प्रतिज्ञापत्र नीट वाचलंसुद्धा नाही. "तुमचा सातवीपर्यंतचा प्राथमिक शाळेचा दाखला कुठे आहे?" अहो, तो दाखला घेऊनच तर तुमच्या शाळेने आठवीत प्रवेश दिला ना? तो तुमच्याच कपाटात असणार. पण हे बोलायला ताईंची जीभ रेटली नाही. ज्या शाळेतून आपण मान खाली घालून निघालो, तिथे वीस वर्षांनी जाऊन भांडायचं कसं, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

चौथ्या फेरीनंतर त्या माझ्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्याच नाहीत. "ऱ्हाऊ द्या ना भाऊ, नही जमाव."

त्याच संध्याकाळी मी महिन्याचं मस्टर तपासत होतो. ताईंच्या नावापुढे चार खाडे. रोजंदारी चारशे रुपये, म्हणजे सोळाशे गेले. हजेरी बक्षिसाचे पाचशे बुडाले ते वेगळे. त्या कपातीवर सही माझीच होती. मी ज्याला मदत म्हणत होतो तिचा सगळा खर्च त्या बाईने एकटीने उचलला होता. दुसऱ्या दिवशी शेठकडे तो वर्षाच्या कबुलीचा कागद घेऊन गेलो आणि म्हणालो, हे काम कारखान्याचं आहे, हे खाडे ऑन ड्यूटी धरा. शेठनी चारही दिवस भरून दिले. यापुढे अशा कामाला जाणाऱ्याची हजेरी लागेल, हेही ठरलं.

आता कोणाला हे करायचं असेल तर सगळ्यात आधी हेच करा, कागद काढायला माणूस पाठवण्याच्याही आधी. आणि एकटं पाठवू नका. माणूस कामात कितीही वाघ असला तरी अर्धवट सुटलेल्या शाळेच्या दारात त्याचं वय परत चौदा होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाचव्या फेरीला मी, ताई आणि त्यांचा नववीतला मुलगा असे तिघं सकाळच्या एसटीने निघालो. बायकांना अर्धं तिकीट त्याच वर्षी मार्चपासून झालेलं, त्यामुळे ताईंनी माझंही तिकीट काढायचा हट्ट धरला आणि काढलंच. फॉर्मची मुदत संपायला अकरा दिवस राहिले होते. रात्री घरी बसून मी ताईंकडून अर्ज लिहून घेतला होता, दोन प्रती. मुख्याध्यापकांच्या नावे, विषय स्पष्ट: "मी आपल्या शाळेत २००३ ते २००४ या काळात इयत्ता आठवी व नववीत शिकत होते, मला शाळा सोडल्याचा दाखला मिळावा." खाली सही, तारीख, मोबाइल नंबर.

क्लार्क तेच, टेबल तेच. म्हणाले, सोमवारी या. मी म्हटलं, येतो, पण हा अर्ज घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून शिक्का द्या. ते म्हणाले, शिक्का कशाला? मी म्हटलं, अर्ज मिळाल्याची पोच म्हणून. आधीच्या चारही फेऱ्या तोंडी झाल्या होत्या, त्यामुळे ताई तिथे कधी आल्याच नव्हत्या असं कोणीही म्हणू शकलं असतं. शिक्क्याचं नाव काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. मग म्हणाले, सरांना विचारावं लागेल. मी म्हटलं, चला, आपण मिळूनच विचारू.

मुख्याध्यापक नवीन होते, सरळ माणूस. त्यांनी अर्ज वाचला, शिपायाला बोलावलं आणि जनरल रजिस्टर मागवलं. जुन्या इमारतीतून वगैरे काही नाही. पलीकडच्याच खोलीतल्या कपाटातून आलं, पाच मिनिटांत. कापडी पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर, कोपरे वाळवीने खाल्लेले. सरांनी पानं उलटत बोट एका ओळीवर ठेवलं. निळ्या शाईत ताईंचं माहेरचं पूर्ण नाव. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. पालकाचा व्यवसाय: शेतमजुरी. आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने, "सतत गैरहजर. नाव कमी केले."

ताई ती ओळ बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, मी सतत गैरहजर नव्हते. कापूस वेचणीला आई जायची, धाकटा भाऊ आठ महिन्यांचा होता. मी दिवाळीपर्यंत येत होते." सर म्हणाले, रजिस्टरमधली नोंद मला बदलता येत नाही ताई, दाखल्यावर कारण तेच येईल. ताई म्हणाल्या, येऊ द्या. मुलगा शेजारी उभा राहून आईचं माहेरचं नाव वाचत होता.

नाव जुळत नाही या अडचणीचं काय, हे मी तिथेच विचारलं. सर म्हणाले, दाखला रजिस्टरवरून निघतो, आधारशी त्याचा काय संबंध? फॉर्मही दाखल्यावरच्या नावानेच भरायचा. म्हणजे आधार केंद्रातली रांग, स्टॅम्प पेपर, प्राथमिकचा दाखला, हे सगळं कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. दाखला लिहून, सही-शिक्का होऊन आमच्या हातात पडला तेव्हा घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही साडेअकराला आत गेलो होतो. चार फेऱ्या आणि दोन महिने ज्यासाठी गेले, ते काम चाळीस मिनिटांचं होतं! त्या क्लार्कना मी काही बोललो नाही, कारण ताईंनी माझी बाही धरली होती. पण तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

फॉर्म भरला, वेळेत भरला. त्यात सांगण्यासारखं एवढंच, की मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. आणि मूळ दाखला संपर्क केंद्रात देण्याआधी त्याच्या तीन-चार झेरॉक्स काढून ठेवा.

अभ्यासासाठी आम्ही काही फार मोठं केलं नाही. दुपारच्या जेवणानंतर पॅकिंगच्या खोलीत पाऊण तास, दार लावून. दार लावून हे मुद्दाम लिहितोय. सुरुवातीला मी उत्साहात सगळ्या लाइनसमोर सांगून टाकलं होतं की ताई दहावीला बसणार आहेत. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नववीत शाळा सुटली हे शिलाईतल्या निम्म्या मुलींना माहीतच नव्हतं. अशा गोष्टी आधी त्या माणसाला बाजूला घेऊन विचारायच्या, त्याने परवानगी दिली तरच बाहेर बोलायच्या. मी माफी मागितली.

बीजगणित मुलाने शिकवलं. टक्केवारी मी शिकवली, रोजच्या रिजेक्शनच्या वहीवरून. सातशे नगांत एकवीस खराब, तर किती टक्के? हे त्या पुस्तक न उघडता सांगायच्या, फक्त त्याला टक्केवारी म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाहेरून बसणारे बरेच जण तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस-वीस गुण हातचे घालवतात, कारण त्या तारखांना शाळेत जातच नाहीत. संपर्क केंद्रात जाऊन तारखा लिहून आणा आणि त्या दिवशी माणसाला सुट्टी द्याच. आम्ही ड्यूटीच्या तक्त्यावर त्या तारखा लाल पेनाने लिहून ठेवल्या होत्या.

२०२४ ची परीक्षा १ मार्चला सुरू झाली. मार्च म्हणजे आमच्याकडे मालाची घाई. ताईंच्या जागी पेपरच्या दिवशी मी स्वतः शिलाईत उभा राहायचो. लूमवरचा एक ऑपरेटर कुरकुरला, की एकीसाठी एवढं कशाला. त्याला म्हटलं, तू कधी बसतोस ते सांग, तुझ्या जागीही उभा राहतो.

निकाल २७ मे ला दुपारी एकला लागला. एमआयडीसीत नेट चालेना, म्हणून मी गेटबाहेर रस्त्यावर जाऊन बघितला. गणितात ३१. माझ्या पोटात गोळा आला. मग खालचं वाचलं: विज्ञान ४२. दोन्ही विषय मिळून ७० लागतात आणि प्रत्येकी किमान २५. ताईंचे ७३ झाले होते. पास! आत जाऊन मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी मशीन बंद केलं, हात पदराला पुसले, मग बघितलं. "व्हई गयं भाऊ?" "झालं ताई." त्यांनी मशीन परत सुरू केलं, हातातली चटई पूर्ण केली आणि मगच उठल्या.

१ जूनपासून त्या सुपरवायझर आहेत. पगार कागदावर लिहिला होता तेवढाच, त्याच तारखेपासून. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

कुरकुरणारा लूम ऑपरेटर आता फॉर्म भरायचं म्हणतोय. त्याची शाळा सेंधव्याची, म्हणजे मध्य प्रदेशातली. त्या दाखल्यावर तिथल्या शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी लागेल असं संपर्क केंद्रातून सांगितलंय. अर्जाच्या दोन प्रती तयार आहेत, हजेरी ऑन ड्यूटी लागलीय. गुरुवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघतोय.