मॉनिटर कॅलिब्रेट केला तरी प्रिंट काळपट का येते?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच काढतो. नवरात्र संपली की बडोद्यात ज्याच्या त्याच्या कॅमेऱ्याच्या कार्डात गरब्याचे फोटो असतात, नंतर लग्नसराई, आणि मग फोन सुरू होतात की भाऊ, कॅलिब्रेटर (स्क्रीनवर ठेवून तिचा उजेड आणि रंग मोजायचं यंत्र) घेतला, मॉनिटरला लावला, सॉफ्टवेअर म्हणतं सगळं ओके, तरी प्रिंट हातात आली की काळपटच, आता अजून महागातला मॉनिटर घेऊ का? नका घेऊ. आधी टेबलावरचा दिवा बदला.

कॅलिब्रेटर काय करतो, तर तुम्ही जे टार्गेट सांगाल तिथे मॉनिटरला नेऊन बसवतो आणि मग त्या मॉनिटरचं प्रोफाइल, म्हणजे तो रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल, बनवतो. टार्गेट बरोबर आहे का हे तो सांगत नाही, कारण तुमचा कागद कुठल्या उजेडात बघितला जाणार हे त्याला माहीतच नसतं. गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा) २.२ ठेवा, त्यात वाद नाही, पण ब्राइटनेसच्या रकान्यात काय भरायचं, सगळा घोळ तिथे आहे. नवीन मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा बहुतेक वेळा २५० ते ३०० कँडेलाला असतो (म्हणजे दर चौरस मीटरला, स्पेसिफिकेशनमध्ये याला निट्स लिहितात). आता कागदाचं बघा. कागदाला स्वतःचा उजेड नाही, त्याच्यावर जेवढा पडेल त्यातलाच तो परत देतो. कागदावर जेवढे लक्स (पडणारा उजेड मोजायचं एकक) पडतात त्याला साधारण साडेतीनने भागलं की कोऱ्या पांढऱ्या कागदाचे कँडेला येतात. रात्री घरातल्या हॉलमध्ये शंभर-सव्वाशे लक्स असले तर कागदाचा पांढरा जेमतेम तीस-पस्तीस कँडेलाचा झाला, आणि शेजारी मॉनिटर २५०ला पेटलेला. तुम्ही त्या मॉनिटरवर बघत बघत फोटोचा उजळपणा खाली आणता, डोळ्याला बरोबर वाटतो, पण फाइलमध्ये तो खरोखरच अंधारा झालेला असतो. प्रिंटर बिचारा फाइलमध्ये आहे तेच छापतो.

म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करायला सांगतो. ज्या कागदावर छापणार त्याचाच कोरा तुकडा दिव्याखाली धरा, मॉनिटरवर नुसती पांढरी विंडो उघडा, दोन्हींकडे आळीपाळीने बघा आणि दोन पांढरे सारखे उजळ वाटेपर्यंत मॉनिटरचा ब्राइटनेस खाली आणा. टेबलावर ४०० लक्सच्या आसपास उजेड असेल तर मॉनिटर ११०-१२०ला येऊन थांबतो, दिवा मंद असेल तर ८०-९०ला. फोनमधलं लक्स मीटरचं अ‍ॅप अंदाजापुरतं चालतं. मग पांढऱ्याची छटा बघा. प्रिंट बघायच्या उजेडाचं स्टँडर्ड ५००० केल्व्हिनच्या (हा आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळा) जवळचं आहे आणि मॉनिटर सहसा ६५०० वर ठेवतात, त्यामुळे कागद पिवळट आणि स्क्रीन निळसर वाटते. मधे कुठेतरी, ५५००-५८०० च्या आसपास, दोन्ही जुळलेले वाटतात, आणि इथे मी आकड्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवतो. जो आकडा ठरेल तो टार्गेटमध्ये भरून पुन्हा कॅलिब्रेट करायचं.

दिव्याबद्दल मी हट्टाने बोलतो कारण आपल्याकडे सगळं लाल रंगावर चालतं. शालू, बांधणी, कुंकू, चनियाचोळी. स्वस्त एलईडीच्या खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० छापलेलं असतं, पण तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी आहे, गडद लाल त्यात मोजलाच जात नाही, त्याचा आकडा वेगळा असतो, आर-९ म्हणून. तो कमी असला की प्रिंटमध्ये लाल चांगला उतरलेला असूनही मेलेला दिसतो, आणि मग लोक फाइलमधला लाल वाढवत बसतात, ते फार वाईट, कारण दिवसा खिडकीशी बघितलं की नवरीचा चेहरा तांबडा झालेला असतो. सीआरआय ९० च्या वरचा आणि आर-९ चांगला असलेला दिवा घ्या, मॉनिटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

गरब्याच्या फोटोंचं मात्र वेगळं आहे, तिथे दिवा बदलून भागत नाही. स्टेजच्या एलईडीचा तो झगझगीत निळा-जांभळा स्क्रीनवर दिसतो, पण शाईने कागदावर तेवढा निळा होतच नाही, कुठल्याच घरगुती प्रिंटरने नाही. त्यासाठी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल ते छापण्याआधी स्क्रीनवरच बघणं. त्या प्रिंटरचं आणि त्याच कागदाचं प्रोफाइल घ्या (ग्लॉसीचं प्रोफाइल मॅटला लावू नका, मॅटचा काळा मुळातच बराच फिका असतो), फोटोशॉपमध्ये प्रूफ सेटअपला ते निवडा, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फाइलमधला काळा कागदाच्या काळ्याशी जुळवणारा पर्याय) चालू ठेवा आणि पेपर कलरवर टिक करा. टिक करताच फोटो एकदम मरगळतो, लोक घाबरून टिक काढून टाकतात. काढू नका, तेच खरं आहे. टिक करताना क्षणभर दुसरीकडे बघा, आजूबाजूच्या पांढऱ्या पट्ट्या लपवा, मग बघा, डोळा जुळवून घेतो. निळ्याचं सॅच्युरेशन इथे आपल्या हाताने थोडं उतरवलं तर घागऱ्याच्या चुण्या, आरशाचं काम वाचतं, नाहीतर सगळा मिळून एकच निळा डाग होतो.

छापताना रंग फोटोशॉप सांभाळणार की प्रिंटर, एकानेच, फोटोशॉप सांभाळणार असेल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं करेक्शन बंद. बाजारातल्या लॅबला देणार असाल तर एसआरजीबी (स्क्रीन आणि लॅबमध्ये सर्रास चालणारी रंगांची पद्धत) फाइल द्या आणि ऑटो करेक्शन करू नका असं स्पष्ट सांगा, नाहीतर वरची सगळी मेहनत त्यांचं मशीन एका झटक्यात पुसून टाकतं. आणि इंकजेटची प्रिंट निघाल्या निघाल्या मत देऊ नका, वाळू द्या, दुसऱ्या दिवशी बघा.

एवढं करूनही स्क्रीन आणि प्रिंट तंतोतंत एक होणार नाहीत, शेजारी धरल्यावर एकाच फोटोची वाटावी इतपत होतील, आणि तेवढं पुरतं. प्रिंट दुसऱ्या कोणाला द्यायची असेल तर ती कुठे लागणार हे आधी विचारा. देवघराजवळच्या पिवळ्या बल्बखाली लागणार असेल तर मी त्याच फाइलची आणखी एक कॉपी काढतो, तिच्यात सावल्या थोड्या उचलतो, आणि लहान तुकडा छापून त्यांना आधी त्याच भिंतीवर धरून बघायला सांगतो.