टायगर मॉथ १:५ : पंखांवर कापड चढले, तारा ताणल्या

मागील नोंदीत सांगाड्यापर्यंत आलेल्या, टायगर मॉथ या जुन्या द्विपंखी प्रशिक्षण विमानाच्या रेडिओ-नियंत्रित मॉडेलच्या चारही पंखांवर आता कापड चढले असून तारांची जुळणीही झाली आहे. प्रमाण १:५ असल्याने मूळ विमानाचा ८.९४ मीटरचा पंखविस्तार येथे सुमारे १७९ सेंटिमीटर भरतो. काम लांबले, याला सांगलीची पावसाळी हवा काही अंशी कारणीभूत आहे. परंतु खरे कारण असे की, मूळ विमान उडताना पाहिल्यापासून मॉडेलकडून काय अपेक्षा ठेवावी, याबद्दलचे माझे मतच बदलले.

वायुसेनेने इंग्लंडमध्ये पुनरुज्जीवित करून घेतलेले एचयू-५१२ हे टायगर मॉथ ८ ऑक्टोबर २०१२ रोजी, वायुसेना दिनी, हिंडन तळावर उडाले, तेव्हा ते पाहण्याचा योग मला आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेगमपेठ आणि जोधपूर येथील प्रशिक्षण शाळांत आपल्या वैमानिकांनी पहिले धडे याच जातीच्या विमानांवर गिरवले. लढाऊ जेट विमानांच्या संचलनात ते इतक्या सावकाश, वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीला पंख किंचित हलवत पुढे सरकत होते की, आपण मंडळी द्विपंखी मॉडेले किती निष्कारण पळवतो, हे तेथेच ध्यानात आले.

ही संथ गती मॉडेलमध्ये उतरवायची असेल, तर सारा प्रश्न वजनाचा होतो. वजन प्रमाणाच्या घनाने घटते, म्हणून मूळचे ८२८ किलो हे कमाल वजन १२५ ने भागल्यास ६.६ किलो येते आणि रिकाम्या विमानाचे ५०६ किलो जेमतेम ४ किलोवर येतात. वेग मात्र प्रमाणाच्या वर्गमुळाने घटतो. मूळचा ताशी १७५ किलोमीटरचा कमाल वेग येथे ७८ च्या आसपास ठरतो, आणि उतरताना तर तो ४० च्या घरात असायला हवा. त्यामुळे ६ किलोची मर्यादा मी स्वतःला घालून घेतली आहे आणि तिच्यासाठी मागील रिबना (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्यांना) भोके पाडणे, शेपटीकडे प्लायवूडऐवजी बाल्सा हे हलके लाकूड वापरणे असे उद्योग मनापासून केले आहेत.

आयलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांमागच्या हलत्या झडपा, मूळ विमानाप्रमाणे केवळ खालच्या पंखांवरच ठेवले आहेत. अनेक किटांमध्ये ते चारही पंखांवर देतात. मला ती सोय पटत नाही, कारण टायगर मॉथला नीट वळवायचे असेल तर रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) वापरावाच लागतो आणि या विमानाची गंमतही त्यातच आहे. मूळ यंत्रणेत वर जाणारा आयलेरॉन बराच उचलला जातो, तर खाली जाणारा जेमतेम हलतो, जेणेकरून नाक उलट दिशेला ओढले जाऊ नये. प्रत्येक आयलेरॉनला स्वतंत्र सर्व्हो (तो हलवणारी छोटी मोटर) देऊन हाच फरक मी हातातल्या ट्रान्समीटरमध्ये बसवला आहे.

कापड पॉलिएस्टरचे आहे व त्यावर डोपचे, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या लाखेसारख्या द्रवाचे, पातळ हात दिले आहेत. कृष्णाकाठच्या दमट हवेत डोप सुकताना दुधासारखा पांढरा पडतो, म्हणून पावसाळाभर पंख तसेच टांगून ठेवले आणि कोरडे ऊन पडू लागल्यावरच ब्रश हाती घेतला. घाईच्या मंडळींनी उष्णतेने चिकटणारे आवरण वापरावे. मात्र रिबवरची शिवण त्यातून तितकी खरी दिसत नाही.

तारांसाठी मिरजेतील तंतुवाद्यांच्या दुकानातून पोलादी तार आणली. या तारा शोभेच्या नाहीत. पंख उचल घेतात तेव्हा एक जोडी ताण सोसते आणि विमान जमिनीवर टेकते तेव्हा दुसरी. वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे सरकवलेला व मागे झुकवलेला आहे, कारण पुढच्या आसनावरील प्रशिक्षकाला पॅराशूट बांधून बाहेर पडता यावे, अशी मूळ अट होती. या तिरकसपणामुळे डावी-उजवी बाजू जुळवताना प्रत्येक तारेची लांबी स्वतंत्रपणे मोजावी लागली. ताण दोन्हीकडे सारखा आहे की नाही, हे तार छेडून कानाने ठरवले, आणि मिरजेच्या शेजारी राहणाऱ्याने ते तसेच ठरवावे.

बॅटरी वगळता वजन ४.९ किलो भरले आहे. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी नाकात, मूळच्या जिप्सी मेजर इंजिनाच्या जागी बसेल; या विमानाची शेपटी जड होण्याकडेच कल असल्याने तेथे प्रत्येक ग्रॅम उपयोगी पडतो. आता गुरुत्वमध्य तपासणे आणि जमिनीवर धाववून पाहणे बाकी आहे. मूळ विमानाला ब्रेक नाहीत आणि शेपटीखाली चाकाऐवजी घसरपट्टी आहे. डांबरी पट्टीवर ती निरुपयोगी ठरेल, म्हणून सोयाबीन निघालेले एक सपाट रान पाहून ठेवले आहे, जेथे वारा ज्या दिशेने असेल त्या दिशेला तोंड करून धावता येईल.