कल्हईच्या भात्यापासून एमजीएच्या रेडिएटरपर्यंत

आमचे आजोबा कल्हईवाले. सांगलीच्या गावभागात वाड्यावाड्यांतून भाता घेऊन फिरायचे. नवसागर आणि कथील एवढंच भांडवल. घरोघरी स्टीलची भांडी आली आणि भाता माळ्यावर गेला. पण तांब्यापितळेवर कथील कधी धरतं आणि कधी रुसतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं. त्याच जोरावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७८ साली मिरज रस्त्याला रेडिएटरचं दुकान टाकलं.

पहिली वीस-पंचवीस वर्षं बरी गेली. उसाचे ट्रॅक्टर, बाजार समितीत हळद घेऊन येणारे ट्रक, वडापच्या जीपगाड्या. टाकी उकलायची, नळ्यांतून सळई घालून गाळ काढायचा, पुन्हा कथलाचा डाग देऊन सांधायचं आणि पाण्याच्या हौदात हवा भरून बघायचं. गळीत हंगामात तर रात्री बारापर्यंत बत्ती विझत नसे. मग प्लास्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमच्या जाळ्यांचे रेडिएटर आले. त्यांना डाग लागत नाही. फुटला की नवा बसवायचा. मी दुकानात लक्ष घातलं तेव्हा निम्मे हौद कोरडे पडले होते.

जुन्या गाड्यांचं काम आमच्याकडे ठरवून आलं नाही. २०१७ मध्ये कोल्हापूरचे एक डॉक्टर १९५८ची एमजीए घेऊन आले. दोन माणसांची, उघडी, कमरेएवढी बुटकी स्पोर्ट्स गाडी. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात एक लाखावर एमजीए झाल्या आणि बहुतेक परदेशी, त्यातही अमेरिकेत गेल्या. त्यामुळे सुटे भाग मिळतात, पण सगळे समुद्रापलीकडे.

तक्रार एकच. गाडी अंकलीच्या पुलापर्यंत जायची आणि उकळायची. त्यांनी परदेशातून रेडिएटरचं नवं झाकण मागवलं होतं, खोक्यावर ‘ओरिजिनल’ छापलेलं. कस्टम ड्यूटी धरून त्या किमतीत आमच्याकडे त्या वेळी ट्रॅक्टरची जाळी साफ होऊन मिळायची. तरी पाणी बाहेर येतच होतं. गाडी बघणाऱ्या प्रत्येकाचं मत एकच, ‘ॲम्बॅसेडरचा रेडिएटर टाका.’ म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. त्या एमजीएचं इंजिन १४८९ सीसीचं बी-सिरीज आणि आपल्या ॲम्बॅसेडरलाही कित्येक वर्षं त्याच घराण्यातलं इंजिन होतं. थर्मोस्टॅट, होज असल्या वस्तूंत ती ओळख कामाला येते. पण ॲम्बॅसेडरचं बॉनेट केवढं उंच! तो रेडिएटर एमजीएत उभा कसा राहणार?

आबा तोवर खुर्चीत बसूनच काम बघायचे. म्हणाले, “आधी माप घे की. झाकणाचं न्हवं, नरड्याचं.”

व्हर्नियर लावला. टाकीच्या तोंडाच्या काठापासून आतल्या बैठकीपर्यंत एक इंच खोली, आणि नव्या झाकणाची पोच पाऊण इंच. रबर बैठकीला टेकतच नव्हतं. झाकण फिरून घट्ट बसायचं, वरून सगळं ठीक, आत दाब शून्य. चौरस इंचाला सात पौंडांचा दाब धरला तर पाणी १११ अंशांच्या आसपास उकळतं, दाबच नसेल तर शंभराला. ते अकरा अंश त्या पाव इंचात गेले होते. जुन्या इंग्रजी गाड्यांना ही दोन्ही खोलीची तोंडं येतात, आणि खोक्यावरच्या शब्दावरून ते कळत नाही. विकणाऱ्यानंही विचारलं नव्हतं.

आबांच्या बिस्किटाच्या डब्यात भंगारातून जमवलेली झाकणं होती. त्यातलं एक लांब पोचेचं निघालं. रबर चिरलेलं, स्प्रिंग मेलेली, पण नमुना झाला. व्हर्नियरसकट फोटो पाठवला आणि महिन्याभरात बरोबर झाकण आलं.

खरं डोकं खाल्लं ते पुढच्या गोष्टीनं. डिकीत हातानं इंजिन सुरू करायचं हँडल होतं, इंजिनाच्या पुढच्या नटाला हँडल अडकायची खाच होती, आणि मधे रेडिएटर आडवा. आधी कुणीतरी जाळी बदलताना हँडलची वाटच बुजवून टाकली होती. मूळ जाळीला खालच्या बाजूला आरपार भोक असतं. त्याची जागा सांगणार कोण? मी पुण्याला गेलो, तिथल्या एका एमजीएसमोर गुडघ्यावर बसलो आणि आमच्या हिच्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा लावून साचा कापला. गाडीमालक भले माणूस, चहा पाजला. त्या साच्यावरून नवी तांब्याची जाळी करून घेतली, भोकात पितळी नळकांडं बसवलं आणि जुन्याच टाक्या तिला जोडल्या. गळ्यापाशी कुणीतरी गॅसनं पितळ ओतून ठेवलं होतं. ते खरवडण्यात तीन दिवस गेले. असली कामं करणाऱ्यांचा मला फार राग येतो. डाग सुटला तर पुन्हा देता येतो, भाजलेली टाकी मात्र वाकडी होते ती होतेच.

खालची पाणी सोडायची तोटीही गळत होती. तिचा आटा पाव इंची बीएसपी, म्हणजे आपल्याकडच्या प्लंबिंगचाच. इंचाला १९ आटे. कुणीतरी अमेरिकन आट्याची, इंचाला १८ आट्यांची तोटी दाबून घातली होती. ती दोन वेढे गुमान बसते, तिसऱ्याला पितळ खाते. नवे आटे पाडले, तोटी जुन्या घाटाची शोधून बसवली. सगळ्या कामात हाच भाग स्वस्त पडला.

त्यानंतर अशा गाड्या येत राहिल्या. वर्षाला पाच-सहा, जास्त नाहीत. पोट आजही जनरेटरच्या आणि जुन्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरवरच भरतं.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णामाईचं पाणी गावभागातल्या घरात शिरलं. तळमजल्यावरचा आबांचा डबा चिखलात सापडला, झाकणं निम्मी गंजली. पुठ्ठ्याचा साचा दुकानात भिंतीला टांगलेला होता, म्हणून वाचला. आता त्याची पत्र्याची प्रत काढून ठेवली आहे.

डॉक्टर अधूनमधून गाडी घेऊन येतात. जयसिंगपूरमार्गे, भर उन्हात, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. हँडल त्यांनी आजवर एकदाच मारलं. इंजिनानं उलटा झटका दिला आणि मनगट मुरगळलं.