नवरा फुकुओकात, मी टोकियोत

जपानमध्ये फेब्रुवारी संपत आला की नोकरदार घरांमध्ये एक धाकधूक सुरू होते. इथलंही आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, शाळाही एप्रिलमध्येच सुरू होतात आणि मोठ्या कंपन्यांच्या बदल्यापण त्याच मुहूर्तावर. कोणाला कुठे टाकायचं ते कंपनी ठरवते, विचारत वगैरे नाही, फक्त थोडं आधी सांगते. मग ज्यांची मुलं शाळेत आहेत, घराचं कर्ज चालू आहे किंवा बायकोची चांगली नोकरी आहे अशा घरातला नवरा सरळ बॅग भरतो आणि एकटा जातो. याला तानशिन फुनिन म्हणतात आणि हे इतकं नेहमीचं आहे की बऱ्याच कंपन्या त्यासाठी वेगळा भत्ता देतात, काही तर अधूनमधून घरी यायचा खर्चही देतात.

तर माझा नवरा जपानी आहे आणि तो सध्या फुकुओकात असतो. मी आणि लेक टोकियोत, निशिकासाईला. निशिकासाई म्हणजे टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला भाग, जिथे इतके भारतीय राहतात की स्टेशनवर उतरल्यावर हिंदी, तमिळ, मराठी काहीही कानावर पडतं. याच वॉर्डातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले, आणि हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग तू पुण्यातच राहतेस की, उगाच एवढं विमानाचं भाडं कशाला भरतेस.

बदलीची बातमी घरी कळली तेव्हा मात्र आईचा आवाज एकदम उतरला. मावशीने तर स्पष्टच विचारलं, अगं परका देश, परका माणूस, आणि आता तो माणूसपण जवळ नाही, मग तू तिथे करतेस काय? प्रश्न चुकीचा नव्हता. पण इतके दिवस हे करून झाल्यावर मला वाटतं की अंतराचा त्रास लोक समजतात तिथे नसतोच. टोकियो ते फुकुओका विमानाने दोनेक तास, आणि फुकुओकाचा एअरपोर्ट इतका शहरात आहे की मेट्रोने दुसरंच स्टेशन हाकाता, म्हणजे शहराचं मुख्य रेल्वे स्टेशन. शिनकानसेनने म्हणजे बुलेट ट्रेनने गेलं तर पाच तास लागतात. सोमवार ते शुक्रवार आम्ही दोघं आपापल्या जागी अगदी मजेत असतो. खरी कसरत शुक्रवारी रात्री असते, तो घरी येतो तेव्हा.

कारण काय होतं, तो गेला की आठवडाभरात हे घर पूर्ण मराठी होऊन जातं. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, फोडणी, ओट्यावर हिंग मोहरीचा डबा उघडाच, मी आणि लेक मोठमोठ्याने बोलत असतो, दारात चपलांचा ढीग. आणि तिकडे फुकुओकात त्याची एक खोली, जिथे टॉवेलची घडीसुद्धा ठरलेली. मग शुक्रवारी रात्री हा येतो, दारात बूट काढतो, ते वळवून टोक दाराकडे करून ठेवतो (इथे सगळेच तसं करतात), आणि मग काहीही न बोलता आमच्या चपलाही एकेक करून तशाच लावतो. पाठोपाठ खिडकी उघडतो. मग आंघोळीला जातो आणि बाहेर येताना बाथरूमच्या भिंतीसुद्धा पुसून येतो. एक शब्द नाही! मी स्वयंपाकघरातून बघत असते आणि माझा पारा चढत असतो, कारण मला त्यातला प्रत्येक हात ऐकू येतो. विचारलं काय झालं तर, काही नाही.

आता गंमत बघा, लग्नाआधी मला सगळ्यांनी सांगितलं होतं की जपानी लोक मनातलं बोलत नाहीत, समोरच्याने ओळखायचं असतं. अरे पण आपल्याकडे काय वेगळं असतं? आमच्या घरी बाबा रागावले की जेवायला बसायचे नाहीत एवढंच, कारण आपण शोधायचं. आईसुद्धा भांडी जरा जोरात ठेवायची. म्हणजे मी पण त्याच शाळेतली, माझी पण अपेक्षा हीच की त्याला कळायला नको का. दोघंही वाट बघणारे, फक्त दोघांच्या खुणा वेगळ्या. त्याला माझं भांडं आपटणं म्हणजे हातातून निसटलं वाटतं, आणि मला त्याचं चपला लावणं म्हणजे टोमणा वाटतो, जो बऱ्याचदा नसतोच, त्याला खरंच फक्त चपला सरळ लावायच्या असतात.

फोनवर हे चालत नाही. व्हिडिओ कॉलवर दोघं गप्प बसले तर पहिलं वाक्य येतं, नेटवर्क गेलं का? त्यामुळे नाइलाजाने बोलायला लागलो आणि त्यातून एक नियम झाला. तक्रार बुधवारपर्यंत फोनवर करायची, शुक्रवारी रात्री नाही. बुधवारी रात्री लेक झोपली की आम्ही बसतो, तो तिकडे आणि मी इकडे, आणि अक्षरशः यादी काढतो. त्याची यादी वहीत लिहिलेली असते आणि माझी डोक्यात. एकत्र राहत होतो तेव्हा याच्या निम्मंही कधी बोललो नव्हतो. तडजोड म्हणजे दोघांनी अर्धं अर्धं सोडायचं असं मला आधी वाटायचं, आता अजिबात वाटत नाही. जे टिकलं ते सगळं वाटणीने टिकलं, म्हणजे ही गोष्ट पूर्ण तुझी, ती पूर्ण माझी, आणि दुसऱ्याने त्यात नाक खुपसायचं नाही. दारातल्या चपला त्याच्या. तो लावेल, मी त्यावर काही बोलणार नाही आणि अर्थ पण काढणार नाही. ओटा माझा.

जेवणाचं तर विचारूच नका, कारण मी शाकाहारी. जपानी स्वयंपाकात वरवर बघितलं तर किती भाज्या, टोफू, मिसो सूप, पण मुळात जे दाशी म्हणजे सूप-भाज्यांत घालायचं चवीचं पाणी असतं ना, ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं असतं, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचं. दिसत काहीच नाही. सुरुवातीला सासूबाई नागानोहून यायच्या तेव्हा मोठ्या प्रेमाने माझ्यासाठी मांस वगळून सगळं करायच्या आणि मासा मात्र त्यांच्या हिशोबात वगळायची गोष्टच नव्हती. शेवटी नवऱ्याने त्यांना सांगितलं की ही देवळातलं जेवण जेवते असं समज. बौद्ध देवळांमध्ये जे जेवण असतं त्यात मांस मासे नसतातच, शिवाय परंपरेने कांदा लसूणही नसतो, आणि दाशी करतात कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि वाळवलेल्या शिइताके मशरूमची. सासूबाईंना एका क्षणात कळलं. इतकं कळलं की त्यांनी माझा कांदा लसूणपण बंद करून टाकला आणि मी त्यांच्या घरी बारा महिने चातुर्मास पाळते असं झालं. मी काही बोलले नाही, तिथे ते चालतं मला.

आमच्या घरी आता मिसो सूप कोम्बूचंच होतं आणि त्याला पाहिजे तर तो स्वतःच्या वाटीत वरून कात्सुओबुशी भुरभुरतो. भात मात्र दोन प्रकारचा. इथला तांदूळ चिकट, आपल्या इंद्रायणीसारखा, त्यामुळे वरणभाताला तो छानच लागतो, पण मसालेभात किंवा पुलाव केला की गोळा. एकदा दोघांचं भागावं म्हणून बासमती आणि जपानी तांदूळ एकत्र शिजवून बघितला होता, तो कोणीच खाल्ला नाही. दोन राइस कुकर घेतले. घर लहान आहे, ओट्यावर जागा नाही, पण दोन कुकर आहेत, आणि लग्न सांभाळायला यापेक्षा स्वस्त वस्तू मला तरी माहीत नाही.

पैशांचं मात्र इथे एकदम उलटं. जपानमध्ये अनेक घरांत नवऱ्याचा पगार बायको सांभाळते आणि नवऱ्याला महिन्याचा हातखर्च मोजून देते. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर बँकेचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं तेव्हा मला वाटलं चेष्टा करतोय. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी गप्पच झाली, मग म्हणाली, हे बाबांना सांगू नकोस. मला खरं तर ते नको होतं, मी स्वतः कमावते, दुसऱ्याच्या पैशांचा हिशोब कशाला ठेवू. पण आता दोन घरं म्हणजे दोन भाडी, दोन फ्रिज, दोन लाइट बिलं, भत्ता मिळाला तरी फटका बसतोच, त्यामुळे हिशोब एकाच्याच हातात असलेला बरा, आणि तो माझ्या हातात आहे. हातखर्च वाढवून पाहिजे ही मागणी पण बुधवारीच येते.

सगळ्यात जास्त डोकं कागदपत्रांनी खाल्लं. खरं तर इथे लग्न होणं सोपं आहे, वॉर्ड ऑफिसमध्ये फॉर्म द्यायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या, झालं, तो फॉर्म रात्रीच्या खिडकीवरही घेतात. परदेशी माणसाला आपण लग्नाला पात्र आहोत असा आपल्या वकिलातीचा कागद आणि त्याचं जपानी भाषांतर जोडावं लागतं, एवढं जास्तीचं. आणि एक फायदा असा की जपानी-जपानी जोडप्याला कायद्याने एकच आडनाव घ्यावं लागतं आणि बहुतेक वेळा बदलतं ते बाईचंच, पण जोडीदार परदेशी असेल तर तसं बंधन नाही. माझं आडनाव जसंच्या तसं राहिलं, ऑफिसमधल्या मैत्रिणींना याचा हेवा वाटतो.

पण मग येतो व्हिसा. इमिग्रेशनच्या प्रश्नावलीत तुम्ही कुठे भेटलात, ओळख कोणी करून दिली, एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलता, लग्नाला कोण कोण होतं असं सगळं विचारतात, सोबत एकत्र फोटो द्यायचे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला आलेली आत्याबाईसुद्धा इतकं खोदून विचारत नाही! ते एक वेळ ठीक आहे, खोटी लग्नं होतात म्हणून विचारत असतील. माझं डोकं फिरलं ते रिन्यूअलला. नवरा-बायको एकत्र राहतात हे त्या व्हिसात गृहीत धरलेलं असतं, आणि आम्ही राहत नव्हतो, त्यामुळे का राहत नाही हे लेखी द्यावं लागलं, सोबत कंपनीचं बदलीचं पत्र. म्हणजे जपानी बायकोचा नवरा वर्षानुवर्षं दुसऱ्या शहरात राहिला तर तो कष्टाळू माणूस, आणि माझा राहिला तर लग्न खरं आहे का याचा खुलासा. हे मला आजही पटत नाही आणि नवऱ्यालाही पटलं नाही, त्या पत्राखालचा खुलासा त्याने स्वतः बसून दोन पानी लिहिला, आयुष्यात एवढं सविस्तर तो माझ्याबद्दल कधी बोलला नसेल. जपानी नागरिकाशी लग्न झालेल्यांना पर्मनंट रेसिडन्सी लवकर मागता येते, नेहमीच्या दहा वर्षांऐवजी लग्नाला तीन वर्षं आणि त्यातलं निदान एक सलग वर्ष जपानमध्ये, बाकीच्या अटी असतातच. ती मिळाली आणि मी सुटले.

लेकीचं वेगळंच चालू आहे. मी तिच्याशी मराठीत, तो जपानीत, आणि आम्ही दोघं जपानी-इंग्लिशच्या खिचडीत. तो नसताना तिचं मराठी इतकं सुधारलं की ती आता माझ्याशी भांडतेपण मराठीत. मात्र शुक्रवारी रात्री बाबा आला की स्विच पडतो आणि रविवारपर्यंत मला जपानीतच उत्तरं. आधी वाईट वाटायचं. पण त्याच्या वाट्याला फक्त शनिवार-रविवार येतात, तेवढे दिवस जपानी, ही पण वाटणीच.

मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. तिला टोकियोतच आसाकुसाला मात्सुचियामाच्या देवळात नेलं, तिथले देव म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर इथे आलेला, पण मूर्ती बघायला मिळत नाही, ती गुप्त ठेवतात, आणि नैवेद्याला दाखवतात पांढरा मुळा. आईने मुळा हातात घेऊन माझ्याकडे असं काही बघितलं की बस. वाहिला मात्र मनोभावे.

तिची खरी अडचण जावयाने केली. हा शुक्रवारी येणार म्हणून ती दुपारपासून तयारीत, त्याला गरम पोळ्या वाढायला तव्यापाशी उभी, आणि हा जेवून उठला की सरळ सिंकपाशी जाऊन भांडी घासायला लागतो. आई हादरलीच. अहो राहू द्या, राहू द्या, तुम्ही बसा! त्याला मराठी कळत नाही, लेक मध्ये दुभाषी, आणि ही बया मनाला येईल ते भाषांतर करते, तिने बाबाला सांगितलं की आजी म्हणतेय नीट घास. त्यामुळे तो अजून जोर लावून घासतोय आणि आई अजून कळवळतेय. मी मध्ये पडले नाही, हसत बसले. पुढचे दोन-तीन शुक्रवार त्यांची हीच झटापट, कधी हा आधी सिंकपाशी पोचायचा तर कधी ती. मग दोघांनी माझ्याशिवायच काहीतरी ठरवलं, कोणत्या भाषेत ते देव जाणे. ताटं, वाट्या, पेले सगळं तो घासायचा आणि आई शेजारी उभी राहून पुसायची. लोखंडी कढई मात्र तिने त्याला शेवटपर्यंत हात लावू दिली नाही, तुम्ही साबण लावता म्हणाली.