बोवी आणि कोबेन, भाग ४: जी तारेनं काढलेला घाम

वाजला एकदाचा! डेव्हिड बोवीचं 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' आणि कर्ट कोबेनच्या निर्वाणा बँडनं 'एमटीव्ही अनप्लग्ड' कार्यक्रमात केलेलं त्याचं कव्हर, ही दोन्ही घरी वाजवून मी तुलना करतोय. काल रात्री साडेदहाला त्यातला रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची छोटी चाल, पहिल्यांदा कानाला बरोबर लागला. मागच्या भागात मी वैतागून लिहिलं होतं ना, की हे आपल्याच्यानं होणार नाही, गिटार माळ्यावर टाकतो, ते सगळं मागे.

'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड'ची बोवीची बाजू केव्हाच झाली होती, त्याचा गिटारवाला मिक रॉन्सन, त्याच्या इलेक्ट्रिकचा टोन अगदी तोच नाही पण ओळख पटण्याइतका मिळाला. गाडी अडली कोबेनपाशी. नाव अनप्लग्ड, म्हणजे वीज न लावता, आणि गडी अकूस्टिक गिटार डिस्टॉर्शन लावून अ‍ॅम्पमधून वाजवतोय, तो अ‍ॅम्पही स्टेजवरच्या मॉनिटरसारख्या दिसणाऱ्या खोट्या खोक्यामागे लपवलेला. ऐकताना वाटतं सोपं आहे. करून बघा.

माझ्या गिटारला आधी ब्रिजखाली पिएझो (लाकडाची थरथर पकडणारा पिकअप) होता. त्याला फझ, म्हणजे आवाज फाडणारं पेडल, लावलं की डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज. म्हणून साउंडहोलमध्ये (गिटारच्या गोल भोकात) बसणारा मॅग्नेटिक पिकअप, चुंबकानं तारेची हालचाल टिपणारा, मागवला. दुकानदारानं (नाव घेत नाही, पण परत तिथून घेणार नाही) इलेक्ट्रिक गिटारचा हंबकर पिकअप पाठवला, परत पाठवून बरोबर वस्तू यायला बारा दिवस. आला, लावला, आणि सगळ्यात बारीक बी आणि ई तारा कानठळ्या बसवतायत आणि जी तार मात्र तोंडातल्या तोंडात पुटपुटतेय. आणि रिफ सगळा जी तारेवर! दुसरी पट्टी, मोकळी, दुसरी, तिसरी, एवढाच तर खेळ आहे.

मग तीन रविवार वाया. पिकअपची उंची बदलली, केबल बदलली, पेडलची बॅटरी नवी टाकली, कॉम्प्रेसर (हळू आवाज वर आणणारं पेडल) लावून बघितला तर जी वर यायच्या ऐवजी पंख्याचा आवाज वर आला. शेवटी डोक्यात प्रकाश पडला तो कोबेनच्याच गिटारीबद्दल वाचताना. ती १९५९ ची मार्टिन डी-१८ई, २०२० मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली तीच. तिच्यावर कंपनीचे मॅग्नेटिक पिकअप होतेच, पण ते इलेक्ट्रिकच्या तारांना जुळणारे, म्हणून त्यानं साउंडहोलमध्ये वेगळा बार्टोलिनी पिकअप बसवला होता. अरे मग माझंही दुखणं तारांचंच! ब्राँझचं वेटोळं चुंबकाला दिसतच नाही, दिसते ती आतली बारीक पोलादी तार फक्त. बी आणि ई सरळ पोलादी, म्हणून त्या बोंबलतायत. जाझवाले लावतात त्या निकेलच्या जाड सेटमध्ये वेटोळ्याची जी येते, ती एकच तार काढून लावली. एका तारेसाठी अख्खा सेट घ्यावा लागला, पण पैसे वसूल, जी बोलायला लागली.

आनंद टिकला दहा मिनिटं. निर्वाणाचं गाणं अर्धा सूर खाली, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत बोवीचा रिफ पांढरी सहावर सुरू होतो आणि कोबेनचा काळी चारवर. तसं उतरवलं आणि ए तार घुमायला लागली, ऊंऽऽऽ करून, थांबेचना. मोठ्या पोटाच्या अकूस्टिकमधली हवा साधारण १०० हर्ट्झला घुमते, आणि उतरवलेली ए बसते १०४ ला, म्हणजे जखमेवर मीठच. गोल भोकात फोम कोंबला, अ‍ॅम्पकडे पाठ करून बसलो, थोडं कमी झालं. खरा उपाय निघाला धाकट्याचा पायमोजा! ब्रिजजवळ खालच्या तीन जाड तारांखाली सरकवला की चिडीचूप. रिफला त्या लागत नाहीत, कॉर्ड्स वेगळ्या ट्रॅकवर वाजवल्या, निर्वाणाकडेही ते काम दुसरा गिटारवाला, पॅट स्मिअर, करतोच.

आता तुलनेचं. भाग २ मध्ये मी छातीठोकपणे लिहिलं होतं की कव्हर जास्त उदास आहे. काल कोबेनचं अर्धा सूर वर उचलून बोवीच्या पट्टीत आणलं, दोघांचा आवाजही सारखा केला, आणि खरं सांगतो, निम्मी उदासी गळून पडली. नुसत्या ट्यूनिंगवर मी एवढं लिहून बसलो होतो. उरलेली निम्मी मात्र हलली नाही, ती आहे गळ्यात आणि शेवटात. बोवीचा आवाज फेझिंग नावाच्या लाटेसारख्या हलणाऱ्या इफेक्टमधून येतो, पडद्याआडून कोणीतरी बोलतंय असा. कोबेन समोर खुर्चीवर बसलाय. आणि शेवटी बोवीकडे बिनशब्दांचे आवाज एकावर एक चढत जातात, ती चाल कोबेननं गिटारला देऊन टाकली, माणसं गायबच. मागे लोरी गोल्डस्टनचा चेलो आहे तोच काय तो आधार. हे मला आधी ऐकूच आलं नव्हतं, रिफच्या नादात.

छोटी मजा: बोवीच्या ट्रॅकवर जो खर्रखर्र ग्विरो, खाचांवर काडी घासून वाजवायचं वाद्य, आहे (कोबेनकडे नाहीच), तो मी आईच्या किसणीवर चमचा घासून केला. बारीक भोकांच्या बाजूला आवाज पातळ येतो, जाड बाजू आणि लाकडी चमचा घ्या. आई दारात उभी राहून म्हणाली, "वाजवून झालं की धुवून ठेव." सॅम्पल विकत घेण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं, सॅम्पलमध्ये प्रत्येक घासणी सारखी येते आणि लगेच कळतं.

पुढे खरं तर बासकडे वळणार होतो, बोवीच्या ट्रॅकवरचा बासवाला टोनी विस्काँटी कोरसला जी सरगम चढतो त्यावर. पण हे टाइप करतानाच आठवलं, स्कॉटिश गायिका लुलूचं १९७४ चं कव्हर राहिलंच की! ते बोवीनं स्वतः प्रोड्यूस केलं, सॅक्सोफोनही त्याचाच, आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. म्हणजे कव्हर, पण मूळ माणसाच्या हातचं. ते मधे घातल्याशिवाय दोघांचीच तुलना लंगडी. बास थांबेल.

सॅक्स कुठून आणायचा? मामेभाऊ लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो, त्याला आत्ताच रिफ पाठवला. उत्तर आलं, "सोपं आहे, पट्टी सांग. आणि रविवारी मुहूर्त आहे, त्यामुळे सोमवारी." सोमवारपर्यंत किसणी माझ्याकडेच, गाजर हलवा लांबला.