दुकानासाठी कॅमेरे
रविवार कारंजाजवळच्या आमच्या कटलरीच्या दुकानासाठी कॅमेरे घ्यायचे म्हणून आज दुपारभर महात्मा गांधी रस्त्यावर हिंडलो. जो तो मेगापिक्सेलचेच कौतुक सांगत होता. परंतु दुकान पश्चिमाभिमुख असल्यामुळे संध्याकाळच्या उन्हात दारातून येणाऱ्या गिऱ्हाइकाचा चेहरा काळाठिक्कर दिसेल आणि त्यासाठी डब्ल्यूडीआरचा (एकाच चित्रात प्रखर उजेड आणि सावली दोन्ही नीट टिपणारा) कॅमेरा हवा, हे एकाच विक्रेत्याने, तेही स्वतःचा मोबाइल दाराकडे धरून, दाखवून दिले. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट चित्रण साठवत) अखंड चालले, तर १ टीबीच्या डिस्कवर जेमतेम ११ दिवसांचे चित्रण राहते. आमची मालाची मोजदाद पंधरवड्याने होते, म्हणून २ टीबी ठरवली. गल्ल्यावर कॅमेरा रोखण्यास वडिलांचा (अपेक्षेप्रमाणे) विरोध आहे; तूर्त तीनच कॅमेऱ्यांची विसार रक्कम दिली आहे.