आमची वाटचाल : गोळीच्या वेळेसाठी

पार्किन्सनच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या आमच्या केंद्रात सगळ्यांना एकदम गोळ्या वाटण्याची फेरी नाही, कधीच नव्हती. कुणाची पहिली गोळी सहाला, कुणाची साडेसातला. सेवकाच्या मनगटावर थरथरणारं घड्याळ असतं आणि पलंगाशी प्रत्येकाचा स्वतंत्र तक्ता. ही पद्धत आमच्या भागीदार सिस्टरांनी पहिल्या दिवसापासून घालून दिली.

या गोळीत लेवोडोपा असतं. हालचालींना लागणारं डोपामाइन हे रसायन या आजारात मेंदूत कमी पडतं, ते लेवोडोपापासून तयार होतं. पण लेवोडोपा रक्तात साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. आजार जुना झाला की मेंदूला साठा धरून ठेवता येत नाही. गोळीला अर्धा तास उशीर झाला तरी माणूस खुर्चीतच अडकतो, घास गिळता येत नाही, आणि पुढचा सगळा दिवस विस्कटतो.

जवळच मोठं केंद्र सुरू झालं तेव्हा आम्ही बुडायच्या बेतात होतो. आम्ही तयार केलेली माणसं त्यांनी जादा पगार देऊन नेली, रात्रपाळी ओस पडली. पाठोपाठ रुग्णही गेले, कारण तिथले दर कमी होते. कमी का होते? ठरलेल्या तीन वेळांना सरसकट गोळ्या दिल्या की माणसं कमी लागतात. आमच्याकडे जेवायला चालत जाणारे तिथे पलंगाला खिळले आणि घरच्यांना सांगण्यात आलं, ‘आजार वाढला.’ ते आजही सलतं. त्या दिवसांत सिस्टरांनी दोन-दोन पाळ्या केल्या, पण एकाही तक्त्याची वेळ हलू दिली नाही. हळूहळू काही कुटुंबं परतली. पुढची वर्षं सुरळीत गेली.

आमची साधनं साधी आहेत. चादरीचा कमरेच्या जागचा पट्टा सॅटिनचा असतो, म्हणजे कूस वळते. पायाकडे मात्र सुतीच हवी, नाहीतर टाचेला पकड मिळत नाही. दाराशी पाय जमिनीला चिकटतात, म्हणून तिथे पावलाच्या अंतरावर आडव्या, उठून दिसणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. अशा वेळी हात धरून ओढायचं नाही. आधी थांबू द्यायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला लावायचं आणि मग ‘पट्टी ओलांडा’ म्हणायचं.

घरी सांभाळत असाल तर एवढं करा. लेवोडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास द्या. डाळ, दूध, अंडं यांतली प्रथिनं तिचं शोषण अडवतात. लोहाच्या गोळीत आणि तिच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. उठवताना आधी पलंगाच्या कडेला बसवा, मग उभं करा, कारण रक्तदाब झपकन उतरतो. जेवताना ताठ बसवा आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. खोकला आला नाही म्हणून घास नीट गेला असं समजू नका. आवाज ओलसर, घरघरता झाला तर गिळण्याची तपासणी करून घ्या. बद्धकोष्ठाकडेही लक्ष हवंच, त्यानं गोळीचा असर उशिरा सुरू होतो.

दवाखान्यात भरती करायची झाली तर तक्ता आणि गोळ्या सोबत न्या. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल देऊ नका, असं तिथे ठळक लिहून द्या. दोन्हींनी डोपामाइनचं काम अडतं. तोंडानं काही द्यायचं नाही असं ठरलं तरी लेवोडोपा एकाएकी तोडू देऊ नका. तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. नळीतून द्यायची वेळ आली तर सावकाश विरघळणारी गोळी कुटायची नाही. डॉक्टरांकडून साध्या गोळीचं प्रमाण आणि वेळा नव्यानं लिहून घ्यायच्या.